म्हसोबाची खोळ

उषाबाईंनी ओट्यावरच्या खाटेवर बसल्या बसल्या भिंतीकडे तोंड फिरवलं, तेव्हाच हेमराजला कळलं की यंदाच्या दसऱ्यालाही आईची पाठच बघायची. एकतीस दसरे त्याने ती पाठ बघितली होती. आधी ती ताठ होती, मग जरा झुकली, आता खांद्यापाशी पार वाकली. पण फिरली कधीच नाही. पांडेसऱ्यातल्या या घराच्या फाटकाबाहेर उभं राहायचं, आत पत्र्याच्या शेडमधल्या गाडीला लांबूनच हात जोडायचे, धाकट्या भावाच्या हातात आपट्याची पानं द्यायची आणि पर्वत पाटियाच्या आपल्या घराची रिक्षा धरायची, एवढाच थोरल्या मुलाचा या घरात मान उरला होता.

आज मात्र तो हत्यारांची पिशवी घेऊन फाटकाच्या आत आला होता आणि कोणी त्याला अडवलं नव्हतं.

"दादा, आज वाद नको हां," ललित जवळ येऊन हळूच म्हणाला. "धनसुखभाई साडेदहाला येतील. कामरेजला त्यांची मोठी शेड आहे, जुन्या लष्करी गाड्या जपून ठेवतात. आपली गाडी अस्सल आहे असं त्यांना वाटलं तर मंगळवारी घेऊन जातील. नाहीतर सोमवारी भंगारवाला गॅसकटर घेऊन येणार. जागा खाली करायचीच आहे, तुला माहिती आहे."

"आणि माय?"

"माय म्हणते, कापायची नाही. वाल्मिक शेवटचा तिच्यात बसला होता." ललितने खाटेकडे चोरून पाहिलं. "तुला बोलवायला ती हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही. गाडीच्या पोटातलं तुझ्याइतकं आम्हाला कोणाला कळतंय?"

ललित बोलला ते खरंच होतं. बाप दगा याने ती गाडी अडुसष्ट साली देवळालीच्या लष्करी लिलावातून उचलली, तेव्हा हेमराज एक वर्षाचा होता. लढाईतली गाडी, पुढच्या चाकांनाही ओढ असलेली. कंपनीच्या नावाची पट्टी कोणीतरी आधीच काढून नेलेली. दगाने तिच्यावर तेरा वर्षं कापडाचे ताके वाहिले. तो गेल्यावर आधी पगारी ड्रायव्हर आले आणि मग मधला मुलगा वाल्मिक. हेमराज डाईंग मिलमध्ये फिटर होता. गाडीची डागडुजी त्याची, गाडी चालवणं वाल्मिकचं, अशी घरची वाटणी होती.

त्र्याण्णव सालच्या फाल्गुनात वाल्मिकने कामरेजच्या पुलाच्या चढावर गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि ताडपत्रीची दोरी सैल झाली म्हणून मागे गेला. भरलेली गाडी त्याच्या अंगावर आली. त्याच सकाळी मिलच्या पाळीला जायच्या घाईत हेमराजने हँडब्रेकची जोडणी नव्याने केली होती. तपासायला आलेल्या माणसाने वरवर बघितलं आणि 'हँडब्रेक निकामी' असं लिहून टाकलं. उषाबाईंनी प्रेताशेजारी बसून सगळ्यांदेखत सांगितलं, याच्या हातचं पाणीही मला नको. आणि गाडीला याने पुन्हा हात लावायचा नाही.

तेव्हापासून हेमराजच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हँडब्रेकच्या सळीला एक बारकी स्प्लिट पिन असते. ती भोकात घालायची आणि तिची दोन टोकं दोन बाजूंना वळवायची. वळवली नाहीत तर पिन हलत हलत निघते, सळी सुटते. पिन घातल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. टोकं वळवल्याचं आठवत नव्हतं. मिलमध्ये, जेवताना, पोरांच्या लग्नात, कुठेही अचानक त्याची बोटं आपोआप ती टोकं वळवायला लागायची. आज निघताना बायको उज्ज्वला एवढंच म्हणाली होती, "आज बघूनच या. काय असेल ते असो. पण बघून या."

धनसुखभाई बरोबर साडेदहाला आले. सत्तरीचा, किरकोळ अंगाचा माणूस. पांढरा सदरा आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. वाल्मिकची बायको योगिता पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर पाणी घ्यायच्या आधीच ते गाडीभोवती फिरायला लागले. हात मागे बांधून, न बोलता. मग शेडच्या मातीतच उताणे झोपले आणि गाडीच्या मागच्या बाजूखाली सरकले.

"हेमराजभाई, आ लाइट तमे काढी नथी?" खालून आवाज आला. "निकाला नहीं कभी?"

"कोणता?"

हेमराजही खाली सरकला. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर रोखलेला एक छोटा दिवा होता. लहानपणी तो आणि वाल्मिक या दिव्यावरून भांडायचे. हेमराज म्हणायचा, गाडी बिघडली तर दुरुस्तीसाठी आहे. वाल्मिक म्हणायचा, मग तो वाकडा का लावलाय?

धनसुखभाईंनी नखाने गोळ्यावरची माती खरवडली. खाली पांढरा रंग निघाला. म्हातारा लहान पोरासारखा हसला. "लड़ाई में हेडलाइट बंद. ऊपर से हवाई जहाज देखता है ना. तो यह छोटी बत्ती सिर्फ इस सफेद गोले पे. पीछेवाला ड्रायव्हर गोला देख देख के चलता था. सब निकाल देते हैं, तुमने रखी."

केबिनच्या छपरावरच्या गोल झाकणाचंही त्यांनीच सांगितलं. दगाने त्यावर पत्रा ठोकला होता आणि घरात सगळ्यांची समजूत अशी की ते उन्हाळ्यात वाऱ्यासाठी असावं. तिथून शिपाई अर्धा बाहेर निघायचा आणि आभाळाकडे बंदूक धरायचा. ललित प्रत्येक गोष्ट ओरडून आईला सांगत होता, कारण उषाबाईंना ऐकू फार कमी येत होतं. त्या भिंतीकडे बघतच मान डोलवत होत्या. नवऱ्याची गाडी खानदानी निघाली याचा आनंद त्यांच्या मानेतून दिसत होता.

"आ तो ओरिजिनल छे," धनसुखभाई म्हणाले. "मैं ले जाऊंगा. काटने का सवाल ही नहीं."

ललितने सुटकेचा श्वास टाकला. हेमराजने मात्र पिशवीतून पाना काढला.

"धनसुखभाई, जाण्याआधी एक काम. हँडब्रेक बघायचाय. मला एकट्याला बघायचा नाही. तुमच्यासमोर बघायचाय."

"दादा!" ललितचा आवाज चढला. "झालं ना सगळं? चांगल्या दिवशी मेलेलं कशाला उकरतोस? पिन नाही सापडली तर काय करशील? पुन्हा नव्याने मरशील?"

"मग मरेन."

"तू मरशील, निस्तरायचं आम्ही. मायने आज इतक्या वर्षांनी तुला आत येऊ दिलं, त्यात पाणी घालू नकोस."

"बघू द्या त्यांना," योगिता म्हणाली. दोघेही तिच्याकडे बघत राहिले. आठ महिन्यांचा संसार करून विसाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई गेली एकतीस वर्षं साड्यांवर टिकल्या चिकटवत सासूजवळ राहिली होती आणि हेमराजशी एक शब्द बोलली नव्हती. त्याचं नाव निघालं तरी उठून जायची. "माझा नवरा गेला त्यात. मलाबी बघायचंय. पिन नसली तर माझ्या शिव्या खऱ्या होत्या असं तरी कळेल."

तिच्यापुढे ललितचं काही चालेना.

हेमराज गाडीखाली गेला. गिअरपेटीच्या मागे वाळलेल्या ग्रीसचा आणि मातीचा दगड झाला होता. त्याने घासलेटात भिजवलेल्या चिंधीने तो हळूहळू पुसायला घेतला. सळी दिसली. सळीचं भोक दिसलं. भोकात पिन होती. त्याने डोळे मिटून घेतले आणि बोटाने चाचपलं. एक टोक डावीकडे वळवलेलं. दुसरं उजवीकडे.

तो तसाच पडून राहिला. आपण रडतोय हे त्याला कानात पाणी गेलं तेव्हा कळलं.

धनसुखभाईही शेजारी आले होते. त्यांनी पिन बघितली, सळी ओढून बघितली, गिअरपेटीतून मागे जाणारा छोटा दांडा दोन्ही हातांनी पिळून बघितला. तो हलेना. "हँडब्रेक तो फर्स्ट क्लास है. अभी तक पकड़ के बैठी है. किसने खींची थी?"

"भावाने. त्या दिवशी. नंतर कोणी हात नाही लावला. मायने लावू दिला नाही."

धनसुखभाईंनी गाडीखालूनच फाटकाकडे बघितलं. मग म्हणाले, "तो गाड़ी इधर अंदर कैसे आई?"

"ढकलत. आठ माणसं होती. मी नव्हतो, ललित होता."

"हँडब्रेक खींची हुई, और धक्का मार के अंदर ले आए? आठ आदमी?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. ललितने नाही, तपासणाऱ्याने नाही आणि स्वतःला फिटर म्हणवणाऱ्या हेमराजने तर नाहीच. सगळे पिनेच्या मागे लागले होते. ब्रेकने धरून ठेवलेली गाडी आठ माणसांनी ढकलली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

धनसुखभाईंनी मातीत बोटाने रेघा ओढून समजावलं. ही लढाईतली गाडी, हिला गिअरपेटी दोन. हँडब्रेक पहिल्या पेटीच्या शेपटाला. तिथून पुढे दुसरी पेटी, जी चाकांना ओढ देते. तिचा केबिनमधून सरकवायचा दांडा निराळा. तो दांडा मध्यावर सरकला की दोन्ही पेट्यांचं नातं तुटलं. मग तुम्ही गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकांना काहीच कळत नाही. गाडी मोकळी.

"मगर ऐसे सरकती नहीं," ते म्हणाले. "फौजवाले पागल नहीं थे. दांडे के बाजू में एक लॉक होता है. छोटा सा. गाड़ी खड़ी करो तो हाथ से नीचे दबाने का, टक करके बैठ जाता है. फिर दांडा हिले नहीं. वो लॉक कहां है तुम्हारा?"

हेमराजला उत्तर माहीत होतं. ते कळलं तेव्हा तो गाडीखालीच होता आणि त्याला वाटलं, आता इथून बाहेर निघूच नये.

केबिनच्या जमिनीवर, दुसऱ्या पेटीच्या दांड्याच्या शेजारी म्हसोबा होता. नारळाएवढा, शेंदराने माखलेला. मूळचा लोखंडाचा एक तुकडा, दोन रिबिटांचे दोन डोळे असलेला. दगाने त्याला देव मानलं होतं. गाडी उभी केली की दगा वाकायचा, म्हसोबावर हात ठेवायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. मगच खाली उतरायचा. बायकोला सांगायचा, हा राखण करतो म्हणून गाडी जागेवर राहते. हेमराज सात-आठ वर्षांचा असताना शेजारी बसायचा. बापाने हात ठेवला की 'टक' असा आवाज यायचा. पोराला वाटायचं, देव हुंकार देतो.

दगा गेला, त्याच्या मागे नमस्कार राहिला. तो हात कशासाठी ठेवायचा हे त्याने कोणाला सांगितलंच नाही; कदाचित त्यालाही दोन्हीत फरक वाटत नसेल. उषाबाईंनी मग दर अमावास्येला म्हसोबाला तेल-शेंदूर चढवायला सुरुवात केली. बारा वर्षांच्या अमावास्या. एकही चुकवली नाही. ड्रायव्हर बदलले, पण गाडीतून उतरताना शेंदराला बोट लावून कपाळाला टेकवल्याशिवाय एकही उतरला नाही. तशी सक्त ताकीदच होती बाईंची. वाल्मिकही त्या दिवशी चढावर गाडी लावून नमस्कार करूनच उतरला असणार.

धनसुखभाई केबिनमध्ये चढले. शेंदराचा गोळा बघून त्यांचा चेहरा उतरला. "आ तो माताजी..." म्हणत त्यांनी हात मागे घेतला. मग म्हसोबाला न शिवता त्यांनी नुसता शेजारचा दांडा धरला आणि हलवून बघितला. तो मध्यावरच होता. त्यांनी जोर करून पुढे ढकलला, आणि त्या हिसक्याने गोळ्याला तडा गेला. शेंदराची सगळी खोळ एका तुकड्यात सुटून जमिनीवर पडली. आत काळं लोखंड उघडं झालं. धनसुखभाईंनी त्याच्या खिळीवर तेलाचे चार थेंब सोडले, दोनतीनदा हलवलं आणि अंगठ्याने दाबलं.

टक.

हेमराज दाराच्या पायरीवर उभा होता. पन्नास वर्षांनी त्याने तो आवाज ऐकला.

"यही है," धनसुखभाई म्हणाले. "सिंदूर में जाम हो गया था. लॉक ऊपर ही अटका रहा. बरसों से अटका होगा."

"नंतर झालं असेल," ललित घाईने म्हणाला. "वाल्मिक गेल्यावर माय दर दसऱ्याला लावते. नंतरच्या थरांनी अडकलं असेल. तेव्हा कुठे इतका शेंदूर होता?"

योगिताने खोळ उचलली होती. ती आतून पोकळ आणि वरून थरांची होती, कांदा चिरल्यावर दिसतात तसे थर. तुटलेल्या कडेला मधेच एक पिवळा दोरा लोंबत होता. तिने तो बोटात धरला. दोऱ्याला वाळलेलं हळकुंड होतं.

"हे माझ्या लग्नाचं कंकण आहे," ती म्हणाली. "सोडल्यावर आत्याबाईंनी म्हसोबाला बांधायला लावलं होतं. मी आणि हे, दोघं मिळून बांधलं. हसत होते ते. म्हणाले, देवाला गुदगुल्या होतील, हळू बांध." तिने खोळ ललितच्या तोंडासमोर धरली. "बघा. दोऱ्याच्या वरती बोटभर शेंदूर आहे. आणि खाली? खाली बघा किती आहे. तेव्हाच तो लोखंडाचा तुकडा आत गाडला गेला होता."

ललित खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

योगिता हेमराजकडे वळली. "एकतीस वर्षं मी तुम्हाला शाप दिले, दादा. रोज. देवापुढे दिवा लावताना पण दिले. उज्ज्वलावहिनींना घरात पाऊल टाकू दिलं नाही. तुमच्या पोरांना आजी माहीत नाही. मी आता जाते आणि आत्याबाईंना सांगते. त्यांच्या कानाशी तोंड लावून सांगते."

"काय सांगशील?"

"तुमचा दोष नव्हता म्हणून."

"मग ती विचारेल, कोणाचा होता."

योगिताचं पाऊल थांबलं.

"तेवढं नको सांगायला," ललित खालूनच म्हणाला. "वहिनी, पाया पडतो तुमच्या. ती एकोणऐंशीची आहे. दर अमावास्येला उपाशी राहून तिने शेंदूर लावला, गाडी सुखरूप यावी म्हणून. तिला हे कळलं तर काय होईल ते मला बघवणार नाही."

"आणि यांचं काय?" योगिताने हेमराजकडे बोट केलं. "यांना असंच मरू द्यायचं? तुम्ही सगळे मायला जपा. यांना कोण जपणार?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हेमराजची बाजू घेत होतं. ते ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला काहीच वाटलं नाही. जे कळावं म्हणून त्याने एवढी वर्षं काढली ते कळलं होतं, आणि ते ठेवायला या घरात जागा नव्हती. बाहेर ओट्यावर आई शेंदराची वाटी घेऊन बसली होती. वाटीत तेल ओतून बोटाने कालवत होती, सावकाश, गुठळी राहू नये म्हणून. असाच तिने दीडशे वेळा शेंदूर कालवला असेल.

खोळ पडल्याचं तिला कोणीही सांगितलं नव्हतं, पण शेडमध्ये सगळे थिजलेले बघून ती उठलीच. एका हातात वाटी, दुसरा हात भिंतीला. योगिताच्या हातातला शेंदराचा पोकळ गोळा तिला दिसला आणि ती जागीच उभी राहिली.

"देवनी खोळ पडनी?" उषाबाई म्हणाल्या. "आपीआप पडनी?"

धनसुखभाई केबिनमधून उतरले आणि आपल्या परीने समजावायला लागले, "माजी, वो जो लॉक था ना, सिंदूर की वजह से..."

"काय बोली ऱ्हायना तो?" उषाबाईंनी कानामागे हात धरला आणि विचारलं. ललितला नाही, योगिताला नाही. हेमराजला. त्याच्याकडे सरळ बघून. एकतीस वर्षांनी त्याने आईचा पूर्ण चेहरा पाहिला. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"गाडी अस्सल शे म्हनस, माय," हेमराज तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "कापाव नही. त्याना शेडमा घी जास तो."

"आनि ब्रेक? ब्रेक देखा ना तू? काय निंघनं?"

योगिताने ओठ उघडले. हेमराजने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"ढिला व्हता, माय. पिन वाकाडेल नव्हती."

धनसुखभाईंना अहिराणी येत नव्हती, पण चेहरे वाचता येत होते. ते हळूच बाहेर गेले आणि अंगणातल्या आपट्याच्या पानांच्या ढिगाशी उभे राहिले.

उषाबाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी मोकळा हात पुढे केला आणि हेमराजच्या ग्रीसने माखलेल्या गालावर ठेवला.

"माले ठाऊकच व्हतं," त्या म्हणाल्या. "तू आज कबूल करं, बरं करं. मी तुले लई शिवाशाप दिधात, भाऊ. वाल्मिक काय परत येवाव नही. पन देख, देवनी आज सोता खोळ टाकी दिधी. त्याना मनमा राग नही ऱ्हायना. मंग मी कोन राग धरनारी?" त्यांचा हात गालावरून डोक्यावर गेला. "मी तुले माफ करं. आज जेवी जाय. उज्ज्वलाले बलाव."

हेमराजने मान खाली घातली. लहानपणी ताप आला की हाच हात डोक्यावर असायचा. तो हात परत मिळावा म्हणून त्याने काय काय नवस केले होते. आता मिळाला होता, आणि तो हात डोक्यावर असताना त्याला आपण या जगात अगदी एकटे उरलो असं वाटत होतं.

योगिता त्याच्या जवळून गेली, तेव्हा फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. "तुम्ही एकदा खोटं बोलून मोकळे झालात. मला ते रोज त्यांच्यासमोर खरं म्हणून वागवायचंय." कंकण तिने मुठीत घट्ट धरलं होतं. ती घरात गेली आणि तिने आतून कडी लावली.

"ती खोळ तापीमा सोडी ये," उषाबाई म्हणाल्या. "तूच जाय. पन आधी देवले उघडा नको ठेवू." त्यांनी वाटी पुढे केली. "आज तुना हातना शेंदूर लाव."

"माय, धनसुखभाईंना गाडी तशीच हवी आहे," ललित कसनुसा म्हणाला. त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

हेमराज केबिनमध्ये चढला. ड्रायव्हरच्या सीटवर न बसता तो जमिनीवर गुडघे टेकून बसला. उषाबाई पायरीला धरून खाली उभ्या होत्या. त्याने दोन बोटं शेंदरात बुडवली आणि लोखंडाला लावायला सुरुवात केली. आधी माथ्यावर, मग दोन्ही रिबिटांवर. ओला शेंदूर लोखंडावर छान बसत होता. खालची खीळ आली तशी त्याची बोटं थबकली. लॉक त्या खिळीवर फिरत होतं. अजून तिच्यावर धनसुखभाईंच्या तेलाची चमक होती. तेवढी जागा सोडून त्याने बाजूचं सगळं नीट माखलं.

उषाबाईंनी टाचा उंच करून एका डोळ्याने बघितलं.

"तठे राही गयं, भाऊ," त्या मायेने म्हणाल्या.

हेमराजने पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि तीही जागा भरून टाकली.